पातळ रंगाची कैफियत

भाषा कोणाला मानाचे पान देईल आणि कोणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करील याचा नेम नसतो. वर्ख, मुलामा आणि बेगड ही तिन्ही एकाच कुळातली. साध्या वस्तूच्या अंगावर धातूचे तेज चढविणे एवढेच तिघांचे काम. परंतु वर्ख मिठाईवर बसून घरोघर सन्मानाने वावरतो, मुलाम्याकडे लोक किंचित संशयाने पाहतात, आणि बेगड मात्र पुरती बदनाम झालेली आहे. बेगडी प्रेम, बेगडी विद्वत्ता, बेगडी देशभक्ती असे शब्द आपण नित्य उच्चारतो, आणि त्या उच्चारात निकाल दिलेला असतो. आम्ही ज्या व्यवसायात आहो त्यात प्रतिवादीची कैफियत ऐकल्यावाचून झालेल्या निकालास एकतर्फी निकाल म्हणतात, व पुरेसे कारण दाखविल्यास तो रद्दही करून घेता येतो. बेगडीच्या वतीने अशी कैफियत कोणी दाखल केल्याचे आमच्या पाहण्यात नाही. ती येथे करावी म्हणतो.

बेगड म्हणजे काय, हे आजच्या तरुण वाचकास सांगावे लागेल. कथील ठोकून त्याचा कागदाहून पातळ पत्रा करावयाचा आणि त्यावर रंगीत रोगणाचा झिरझिरीत हात द्यावयाचा. रोगण पिवळे असेल तर पत्रा सोन्यासारखा दिसतो, तांबडे असेल तर माणकासारखा, हिरवे असेल तर पाचूसारखा. बाशिंगे, मखरे, ताबूत, सोंगांचे मुकुट ह्यांना तीच लावीत. ज्या कथिलाची कल्हई आपल्या आजीच्या पातेल्यांना होती तेच हे कथील. तिथे त्याला कोणी खोटे म्हटले नाही.

आता ह्या सोनेरीपणात चलाखी कोठे आहे ते पाहू. साधा दाट रंग स्वतःच्या कायेवरून उजेड परतवितो. त्याच्याखाली लाकूड आहे, माती आहे की जुना रंग आहे, याचा त्याला पत्ता नसतो आणि पाहणारालाही लागत नाही. पातळ पारदर्शक रंगाचे तसे नाही. उजेड त्याच्यातून आत शिरतो, तळच्या चकचकीत धातूवर आपटतो आणि त्याच रंगातून पुन्हा बाहेर येतो. एकाच रंगातून दोनदा गेल्यामुळे तो गडद होतो, आणि तळाशी धातू असल्यामुळे चमक टिकवून असतो. म्हणून मूर्ती किंचित फिरविली, अगर आपण एक पाऊल बाजूला सरलो, की तेज हलते. रंग जिवंत वाटतो तो ह्याच कारणाने. भारतीय करार कायद्याच्या (१८७२) सतराव्या कलमात कपटाची व्याख्या आहे. स्वतःला खरे वाटत नसलेली गोष्ट खरी म्हणून सुचविणे, अथवा ठाऊक असलेली गोष्ट खटपट करून दडविणे, हे कपट. बाशिंगाला लावलेले सोने सोनेच आहे असे कोणत्या चिताऱ्याने कोणत्या वरपित्यास सुचविले? उलट ह्या रंगाचा सारा कारभारच खाली काय आहे ते दिसू देण्यावर चालतो. दडविण्याचे काम दाट रंगाचे आहे. पण तो मुद्दा पुढे येईल.

आम्ही राहतो ते संतपूर बीदर जिल्ह्यातील औराद तालुक्याचे. येथे घरी मराठी, बाजारात कानडी, जुन्या दस्तांत उर्दू, आणि थोडे पूर्वेस गेले की तेलुगू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन भाग झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले. जहीराबाद व नारायणखेड आंध्र प्रदेशात. आणि बीदर, भालकी, हुमनाबाद व औराद म्हैसूर राज्यात. त्यापूर्वी हे सर्व हैदराबाद राज्य होते. संतपुराहून ईशान्येस गेले तर निर्मल लागते आणि नैर्ऋत्येस पुष्कळ लांब गेले तर कोप्पळजवळचे किन्नाळ. ही दोन्ही गावेही त्याच राज्यात होती. लाकडाच्या लहान प्रतिकृती घडवून त्यांवर तेजस्वी रंग चढविणारी दख्खनची ही दोन नामांकित गावे, आणि आम्ही त्यांच्या मधोमध. आमच्या भागातल्या देवळांतील वाहनांवर, जत्रेतल्या बाहुल्यांवर दोन्हीकडच्या हातांचे वळण दिसले तर नवल नाही.

किन्नाळची रीत थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे. तेथील चित्रगार हलके लाकूड घेतात, मूर्तीचे अवयव निरनिराळे कोरतात, आणि चिंचोक्याच्या खळीत भुसा कालवून ते सांधतात. सांध्यांवर तागाच्या चिंध्या बसवितात. खळीत दगडाची वस्त्रगाळ पूड मिसळून लगदा करतात. त्याने सर्वांग गुळगुळीत करून घ्यावयाचे, आणि दागिने, किनारी, मुकुटाचे ठसे त्यानेच उठवून काढावयाचे. ह्यानंतर येते ते लाजवर. शुद्ध कथिलाचे तुकडे कुटून कुटून त्यांचा लगदा करतात, त्यात डिंकाचे पाणी घालतात, आणि हवे तेथे तो लावून गुळगुळीत दगडाने घोटतात. राखेसारखा निस्तेज दिसणारा तो लेप घोटता घोटता आरशासारखा होतो. आणि तळ असा आरशासारखा झाला म्हणजे त्यावरील रंग पातळ ठेवण्यात सारे कौशल्य. जाड हात दिला तर घोटण्याची सगळी मेहनत रंगाखाली गाडली गेली.

निर्मलच्या नक्काशांचेही लाकूड हलके, त्याला पोनिकी म्हणतात. सांधण्यास तेथेही चिंचोकाच. त्यांची सोनेरी झळाळी जुन्या काळी वनस्पतींचे रस व उकळलेले जवसाचे तेल ह्यांतून येई. विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तेथे मोटारींना लावावयाचा ड्युको रंग आला आणि निर्मलच्या तसबिरींचे रूप पालटले. त्या काळ्या भुईवरील सोनेरी चित्रे पुष्कळांच्या दिवाणखान्यांत आहेत. आम्हांस त्यांपेक्षा निर्मलची जुनी फळे व पाखरे अधिक प्रिय आहेत, हे सांगून टाकतो.

बीदर शहराची गोष्ट वेगळी. तेथील बिदरी काम ह्या पातळ रंगाच्या नेमके उलट. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओतावयाचे, त्यात चांदी जडवावयाची, आणि किल्ल्यातील विशिष्ट मातीच्या काढ्यात ते बुडवून काळे करावयाचे. काळा रंग जस्तावर बसतो आणि चांदीवर बसत नाही. तेथे तेज रंगातून न येता रंगाच्या नकारातून येते. पण त्याच शहरात महमूद गावानची मदरसा आहे. १४७२ मध्ये पुरी झालेल्या ह्या इमारतीचा बराच भाग पुढे मोगल अमदानीत दारूच्या स्फोटात गेला. उरलेल्या मिनारावर निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या, हिरव्या फरशीचे तुकडे अजून आहेत. साडेपाचशे पावसाळे होऊनही त्यांचा रंग उडालेला नाही, कारण तो रंग काचेच्या लेपात वितळून एकजीव झालेल्या धातूच्या भस्मांचा आहे. हळद, लाखेचा तांबडा, पळसाचा केशरी हे वनस्पती-कीटकांचे रंग उन्हात विटतात. पातळ रंगाचा हा खरा दोष, आणि कैफियतीत तो कबूल केलेला बरा.

कोकणपट्टीच्या वाचकांस सावंतवाडीची आठवण एव्हाना झाली असेल. खेमसावंत तिसरे (कारकीर्द १७५५ ते १८०३) ह्यांच्या आश्रयाने तेथे लाखकाम आणि गंजिफा भरभराटीस आल्या. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण एकशेवीस वाटोळी पाने. कापडावर चिंचोक्याची खळ, त्यावर खडूचे अस्तर, दगडाने घोटणे, मग चित्र आणि शेवटी लाखेचा हात, असा क्रम. किन्नाळचा चिंचोका आणि घोटणी येथेही हजर आहेत हे ध्यानात घ्यावे. सावंतवाडीची लाकडी फळे तर प्रतिकृतीच्या कलेचा उत्कृष्ट नमुना. पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाचा आंबा, केळे, सीताफळ मूळच्या मापाचे करावयाचे, आणि पिवळ्यावर देठाजवळ हिरवा, गालावर तांबूस, असे रंग एकमेकांत विरघळत नेऊन पिकण्याचा भास आणावयाचा. हे दाट रंगाने होत नाही. दोन रंगांची हद्द जेथे मिटते तेथे वरचा रंग इतका विरळ असावा लागतो की खालचा त्यातून डोकावतो. (हद्दी मिटविण्याची ही विद्या सीमावादाच्या वकिलांस कोणी शिकवील तर बरे.) गोव्यात कुंकळ्ळीच्या चिताऱ्यांनी लाकडावरील रंगकामाची परंपरा राखली आहे, आणि कोंकणी व मराठी दोन्ही घरांत लग्नाचे पाट त्यांच्याकडून आले.

विसाव्या शतकात ही विद्या सावंतवाडीत जवळजवळ विझली होती. शिवरामराजे भोसले व राणी सत्वशीलादेवी ह्यांनी एका वयोवृद्ध चिताऱ्याकडून ती शिकून घेतली आणि १९७०च्या दशकाच्या आरंभी राजवाड्यातच काम पुन्हा सुरू केले. एका म्हाताऱ्या माणसाच्या बोटांत उरलेले ज्ञान वेळेवर उतरवून घेतले गेले. काही वर्षे उशीर झाला असता तर आज आपण केवळ संग्रहालयांतील पेट्यांवर विद्वत्ता सांगत बसलो असतो.

ही युक्ती केवळ आपलीच, असे मात्र समजू नये. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात थिओफिलस ह्या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका युरोपीय साधूने कारागिरीवर लॅटिन ग्रंथ लिहिला. त्यात कथिलाच्या पत्र्यावर जवसाच्या तेलात खललेला रंग अगदी विरळ लावण्याच्या पारदर्शक चित्रकामास स्वतंत्र प्रकरण दिले आहे. सोने महाग असलेल्या प्रत्येक देशातील माणसास कथिलाची आठवण व्हावी, यात आश्चर्य ते काय?

आता आजच्या काळाकडे येऊ. ॲक्रिलिक हे नाव ऐकताच परंपरेचे अभिमानी नाक मुरडतात. ह्या पदार्थाचा इतिहास पाहिला तर तो मुळात पारदर्शकतेचाच इतिहास आहे. जर्मन रसायनज्ञ ऑटो रोम ह्याने १९०१ साली ॲक्रिलिक द्रव्यांवर प्रबंध लिहिला. त्याच्या कारखान्यातून १९३०च्या दशकात काचेसारखा स्वच्छ प्लेक्सिग्लास निघाला, आणि दुसऱ्या महायुद्धात विमानांची छत्रे त्याची झाली. पाण्यात कालवता येणारे चित्रकारांचे ॲक्रिलिक रंग १९५०च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत आले. आपल्याकडे १९३१ साली गिरगावात दिगंबर परशुराम दांडेकर व त्यांचे बंधू ह्यांनी शाईपासून आरंभ केलेल्या कॅम्लिनने पुढे अशा रंगांच्या बाटल्या शाळकरी मुलांच्या हाती दिल्या.

प्रतिकृतींच्या छंदात ह्या रंगांचा एक विशेष वर्ग आहे. जपानातील शिझुओका येथे १९४६ साली लाकडाच्या व्यवसायात उभी राहिलेली तामिया ही मंडळी आधी लाकडी प्रतिकृती करीत, १९६० पासून प्लास्टिकच्या करू लागली. त्यांच्या ॲक्रिलिक रंगांत तांबडा, निळा, पिवळा, हिरवा, नारिंगी असे पारदर्शक रंग वेगळे मिळतात. विमानाच्या पंखाच्या टोकाचा दिवा, मोटारीचा मागचा तांबडा दिवा, रेल्वेचा सिग्नल, हे त्यांचे क्षेत्र. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी ह्यांचे लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे. लघुरेल्वेचे जे माप जगात सर्वांत अधिक चालते त्यात मूळ वस्तूचा सत्त्याऐंशीवा हिस्सा धरतात. म्हणजे सिग्नलचा दिवा मोहरीएवढाच झाला. त्यावर नुसता तांबडा ठिपका दिला तर तो कुंकवासारखा दिसेल. आधी रुपेरी ठिपका आणि तो पुरता वाळल्यावर वर पारदर्शक तांबडा, असे केले म्हणजे तो दिवा वाटतो. हे वाचून किन्नाळचा चित्रगार म्हणेल की यात नवे काय!

पातळ करण्याच्या रीतीतही जुने-नवे फार लांब नाहीत. लाख पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळते; आपले सुतार चपडा लाख स्पिरिटमध्ये भिजवून कापडाच्या बोळ्याने लाकडावर पॉलिशचे अनेक हात देतात. ह्या ॲक्रिलिक रंगांनाही नुसते पाणी फारसे मानवत नाही. गुळगुळीत प्लास्टिकवर पाण्याचे थेंब गोळा होऊन रंग फाटतो. म्हणून मद्यार्क असलेले, वाळणे थोडे लांबविणारे त्यांचे ठरावीक थिनर घ्यावे लागते. एअरब्रशने मारावयाचा तर एका भाग रंगास एक ते दोन भाग थिनर, असे साधारण प्रमाण. त्याहून पुष्कळ अधिक घातले तर रंगाला धरून ठेवणारी राळच अपुरी पडते, आणि वाळल्यावर रंग ठिपक्याठिपक्यांनी सुटा दिसतो. पहिला हात इतका फिका असावा की लावला की नाही याचा संशय यावा. अधीर माणूस तेथेच फसतो. दुसऱ्यांदा ओल्यावरच कुंचला फिरवितो, आणि खालचा रंग उचलला जाऊन डाग पडतो. वाळू द्यावे, मग दुसरा हात, मग तिसरा. दाट रंगात पाचवा हात चौथ्यासारखाच दिसतो. पारदर्शक रंगात प्रत्येक हाताने छटा गडद होते, त्यामुळे एखादा हात एका बाजूस जड पडला तर तो लपत नाही. कोपऱ्यात, खाचेत रंग साचतो व काळवंडतो. तेथे कोरड्या कुंचल्याने तो टिपून घ्यावा. तळाला बोटाचा तेलकट ठसा राहिला असेल तर तो रंगाखालून अखेरपर्यंत साक्ष देत राहतो. पांढऱ्या तळावर हाच रंग सरबतासारखा फिका, रुपेरीवर रत्नासारखा आणि काळ्यावर जवळजवळ नाहीसा. बाटली एकच असून तीन निकाल लागतात.

ह्या सगळ्यावरून आमचे मत असे झाले आहे, आणि ते काहींस रुचणार नाही, की परंपरा रंगाच्या जन्मस्थानात नसून त्याच्या विरळपणात आहे. कारखान्यातला पारदर्शक ॲक्रिलिक पातळ करून कथिलावर चढविणारा कारागीर परंपरेच्या आत आहे. आणि हळदीचाच का होईना, पण दाट थर फासणारा बाहेर आहे. नैसर्गिक तेवढे निर्दोष, ही समजूतही तपासून घ्यावी. जुन्या चित्रकामातला लखलखीत पिवळा रंग म्हणजे हरताळ, आणि हरताळ म्हणजे सोमलाचे संयुग. हे हरताळ दाट असते, खालचे काही दिसू देत नाही. म्हणूनच पोथी लिहिणारे चुकलेल्या अक्षरांवर ते फाशीत. हरताळ फासणे हा वाक्प्रचार तेथूनच आला. बेगडीला शिवी ठरविणाऱ्या आपल्या भाषेने दाट रंगाचे हे कृत्यही नोंदवून ठेवले आहे, एवढा न्याय तिला दिला पाहिजे.

आज आमच्या भागात हरताळ फासले जात आहे ते तेलरंगाचे. देवळातील लाकडी वाहन, मुखवटा, पालखीचे खांब जुने दिसू लागले की जत्रेपूर्वी पंच मंडळी डबा आणतात आणि एका दुपारी सर्व काही भडक होते. कोणाची भावना खोटी नसते. देवाची वस्तू मळकी दिसू नये, एवढीच असते. आम्ही एका देवस्थानाच्या पंचांस असे न करण्याविषयी विनविले होते. त्यांनी आमचा चहा घेतला, आमचे म्हणणे ऐकले आणि रंग लावला. त्यांचा हिशेब आम्हांस कळतो. जुन्या रीतीने घोटून, पातळ हात देत, प्रत्येक हात वाळवीत काम करावयाचे तर कारागिराचे कित्येक दिवस जातात, आणि त्या दिवसांची मजुरी कोणी द्यावी?

कायद्याने येथे काही केले आहे आणि काही राहिले आहे. भौगोलिक मानांकनाचा १९९९ चा कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. बिदरी काम, किन्नाळची व निर्मलची खेळणी ह्यांची नावे त्याखाली नोंदलेली आहेत. नोंदणी दहा वर्षांची, पुन्हा पुन्हा वाढविता येणारी. खेळण्यांच्या गुणवत्तेचा आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला, तेव्हा प्रत्येक खेळण्यास मानकचिन्ह सक्तीचे होऊन हे कारागीर बुडतात की काय अशी भीती होती. पण मानांकनाच्या अधिकृत वापरकर्त्यांस व हस्तकला आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांस सूट मिळाली. सूट योग्यच आहे. तथापि मूल खेळणे तोंडात घालते हे सूट देणाऱ्याने व घेणाऱ्याने विसरू नये. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्षास नव्वद भागांहून अधिक नसावे, हा २०१६ चा नियम डबा निवडताना तरी पाहावा.

मानांकन नावाचे रक्षण करते, आणि अर्जात रीतही लिहिलेली असते. पण नोंदवहीतील रीत आणि कुंचल्यातील रीत जुळते की नाही हे पाहण्यास कोणी कारागिराच्या घरी जात नाही. माल विक्री कायद्याचे (१९३०) पंधरावे कलम सांगते की वर्णन करून विकलेला माल वर्णनाबरहुकूम असला पाहिजे. लाखकाम म्हणून विकलेल्या फळावर लाखेचा हातच नसेल, घोटलेल्या कथिलाचे नाव सांगून वर डब्यातला सोनेरी रंग फासलेला असेल, तर वर्णनाचा भंग झाला. आमच्या कैफियतीचा कायदेशीर मुद्दा तो हा. कपटाचा आरोप ठेवावयाचाच असेल तर तो बेगडीवर न ठेवता ह्या डब्यावर ठेवावा; त्यालाच बेगडी म्हणण्याची आपली सवय असेल तर निदान दुसरा शब्द शोधावा.

आणि गेले ते सारेच गेले असेही नाही. तेलरंग वरून बसलेला असतो, खालचे कथील पुष्कळदा तसेच असते. आमच्या परिसरातील देवळांत जुने लाकडी वाहन असेल त्यांनी एकदा बॅटरीचा उजेड आडवा धरून त्याची उलटी बाजू पाहावी. नंदीच्या गळ्याखाली, गरुडाच्या पंखाच्या आतल्या अंगाला, जेथे डबा घेऊन आलेल्या माणसाचा हात पोचला नाही किंवा त्याने पोचविण्याचा कंटाळा केला, तेथे. खरवडू नये, रॉकेलचा बोळा तर मुळीच फिरवू नये. छायाचित्र घ्यावे आणि जाणत्या कारागिरास दाखवावे. एका वाहनाच्या पोटाखाली आम्हांस असा तळहाताएवढा तुकडा दिसला आहे. हिरव्या रंगाचा पातळ हात त्यावर अजून आहे, आणि उजेड हलविला की खालचे कथील हलते.